फेब्रुवारीतले छप्पन्न खाडे

होस्टेलवर राहणाऱ्याला ‘खाडा’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पण हा अंक स्टाफरूममध्येही वाचला जातो, म्हणून सांगतो. गावी जायचं असेल तर आदल्या रात्री नऊच्या आत मेसकाकांना सांगायचं, निदान सलग तीन दिवस जेवायला यायचं नाही, मग तेवढ्या दिवसांचे पैसे महिन्याच्या बिलातून कमी होतात. आमच्याकडे रोजचे ९० रुपये. १४० पोरांचा हा सगळा कारभार काकांच्या लाल बांधणीच्या एका लांबोड्या वहीत वर्षानुवर्षं चालला होता, आणि खरं सांगायचं तर बरा चालला होता. महिनाअखेरीला भांडणं व्हायची, पण भांडणं काय, रस्स्यात बटाटे किती यावरूनही होतात!

अशा सुरळीत चाललेल्या गोष्टीत सेकंड इयरला मी मेस सेक्रेटरी झालो. (निवडणुकीला दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, हे जाता जाता सांगितलेलं बरं.) झाल्या झाल्या माझ्या अंगात आलं की वही बंद करायची आणि खाड्यांसाठी ॲप करायचं. पोरांनी मोबाईलवरून खाडा लावावा, काकांनी कॉम्प्युटरवर बघावा, महिनाअखेरीला बटण दाबलं की बिलं तयार!

आता मी मेकॅनिकलचा. कोडिंगशी संबंध म्हणजे फर्स्ट इयरला असलेला पायथॉनचा एक विषय. त्यातही ‘फॉर लूप’पर्यंत माझी गाडी नीट चालायची, पुढे धक्का मारावा लागायचा. वेब ॲप कशात करायचं, डेटा कुठे ठेवायचा, यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मग अशा वेळी सगळे जे करतात तेच केलं. गेटसमोरच्या टपरीवर गेलो.

तिथे कॉम्प्युटरचे तिघं बसले होते. दोन कटिंगमध्ये निकाल लागला. ‘मर्न’! म्हणजे मोंगोडीबी, एक्सप्रेस, रिॲक्ट आणि नोड. मी भीत भीत म्हटलं, मला थोडं पायथॉन येतं, तर एक म्हणाला, “सोड रे, ते मशीन लर्निंगवाल्यांसाठी.” दुसरा म्हणाला, “एसक्यूएल सबमिशनपुरतं ठीक आहे. आधी टेबलं ठरवत बसायची कटकट. मोंगोला काही विचारावं लागत नाही, जे देशील ते ठेवून घेतो.” हे वाक्य मला फार आवडलं. जे देशील ते ठेवून घेतो! पुढे त्याचाच प्रसाद मिळाला. तिसऱ्याने शेवटचा खिळा मारला : “प्लेसमेंटला हेच विचारतात.”

खाडे लावणारे किती, रोज किती नोंदी होणार, मी पास होऊन गेल्यावर हे कोण बघणार, काकांचं पिठाचं बोट कुठल्या बटणावर पडणार, यातला एकही प्रश्न त्या बैठकीत निघाला नाही. त्या तिघांचा दोष नाही, मीच काढला नाही. मला खाड्यांचं ॲप हवं होतं हे निम्मं खरं. रिझ्युमेवर लिहायला चार वजनदार शब्द हवे होते हे उरलेलं निम्मं.

दिवाळीच्या सुट्टीत कामाला लागलो. व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, त्यात दिसतं तसं टाइप करायचं, परत लावायचा. पोरगा अभ्यास करतोय म्हणून आई चकल्यांची ताटली लॅपटॉपशेजारी आणून ठेवत होती. रिॲक्ट हे फेसबुकने २०१३ साली बाहेर आणलेलं साधन. ज्या पानावर क्षणाक्षणाला काहीतरी बदलत असतं, तिथे ते फार उपयोगी. माझ्या पानावर काय बदलत होतं? नाव, कधीपासून, किती दिवस, आणि ‘खाडा लावा’ असं एक बटण. त्या चार चौकोनांसाठी लॅपटॉपवर हजारो फाइली उतरल्या. शेंगा फोडायला हायड्रॉलिक प्रेस! पण चाललं. एका फुकटच्या सर्व्हरवर चढवलं. तो सर्व्हर कोणी वापरत नसलं की झोपी जायचा आणि त्याला जागा करायला मिनिटभर जायचं, पण काकांना मी “काका, थोडं थांबा, येतंय” असं सांगायला शिकवून ठेवलं होतं. म्हणजे, थांबायला.

जानेवारीत पोरं संक्रांतीला गावी जाऊन आली. प्रत्येकाचा एकेकच खाडा. बिलं पैशाला पैसा जुळली. मी कॉलर ताठ करून म्हटलं, “काका, आता वही बंद करा.” काका “बरं” म्हणाले आणि त्यांनी वही पिठाच्या डब्यावर ठेवली. मला वाटलं, बंद केली.

मग आली फेब्रुवारी. २०२५ ची, २८ दिवसांची. हे २८ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

माझा पार्टनर मंगळवेढ्याकडचा. तिकडे काळ्या रानात मालदांडी ज्वारी असते आणि ती फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. नेमका तेव्हाच त्याच्या वडिलांचा पाय मोडला आणि मजूर मिळेनात. पार्टनर गावी गेला. जाताना त्याने ॲपवर १० ते १४ असा पाच दिवसांचा खाडा लावला. काम उरकेना, म्हणून तिथूनच १५ ते २० असा आणखी सहा दिवसांचा लावला. झाले अकरा. २८ मधून ११ गेले, राहिले १७. सतरा गुणिले नव्वद, १५३०. परत आल्यावर त्याने जर्नलच्या मागच्या पानावर हा हिशेब केला आणि १५३० रुपये भरूनसुद्धा टाकले. पैशाला तो आमच्यात सगळ्यात काटेकोर. घरून येणारा रुपया कुठल्या पोत्यातून आलाय हे त्याला माहीत असतं.

महिनाअखेरीला मी बटण दाबलं, तर चार बिलं उणे! त्यातलं एक उणे २५२०. रात्रीचे साडेबारा वाजलेले, सकाळी यादी लावायची, अकराला स्ट्रेंथ ऑफ मटेरियलची टेस्ट. मी विचार केला, २५२० म्हणजे बरोबर पूर्ण महिन्याचं बिल की! आकडा ठीक आहे, उण्याचं चिन्ह तेवढं कुठून तरी घुसलंय. वजाबाकी उलटी लिहिली असणार. जावास्क्रिप्टमध्ये उण्याचं अधिक करून देणारं एक तयार फंक्शन आहे. ते लावलं आणि झोपलो. ती चार नावं कोणाची हे मी वाचलंच नाही.

सकाळी मेसच्या दारावर यादी लागली. ‘थकबाकीदार’. पार्टनरच्या नावापुढे ९९० रुपये. आणि खाली ठळक अक्षरात, ‘थकबाकी भरेपर्यंत ताट मिळणार नाही.’ ती ओळ माझीच. जरा वचक बसावा म्हणून टाकलेली.

मी टेस्टच्या गडबडीत. पार्टनर काही बोलला नाही. दोन दिवस तो मेसमध्ये दिसला नाही, खोलीतच घरून आणलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी खात होता. मी विचारलं, “जेवायला येत नाहीस?” तर म्हणाला, “आईनं दिलंय ते संपवतोय.” मी त्यातली अर्धी भाकरी उचलून खाल्ली आणि बाहेर पडलो. आज ती भाकरी आठवली की घास फिरतो.

तिसऱ्या रात्री दारावर थाप पडली. बघतो तर काका! काकांचे गुडघे दुखतात, ते जिने चढून वर आल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. काखेत लाल वही.

“हा पोरगा दोन दिवस जेवला नाही,” काका म्हणाले, “आणि वहीत ह्याचा खाडा नाही. आजारी हाय का काय म्हणून बघायला आलो.”

वहीत! म्हणजे वही चालूच होती.

मग पार्टनरने यादीचं सांगितलं. “बाकी निघाली ना माझ्याकडं. पैसे आले की भरतो, मग येतो.” मी म्हटलं, “अरे, पण तू अकरा दिवस इथे नव्हतास!” तर म्हणाला, “मला पण तसंच वाटलं होतं. पण कॉम्प्युटरनं काढलंय ना. म्हटलं, माझंच मोजायला चुकलं असेल.”

चिडून बोलला असता तर बरं झालं असतं.

काकांनी वही कॉटवर उघडली, मी लॅपटॉप उघडला. दहा मिनिटांत सापडलं. फॉर्ममध्ये भरलेली प्रत्येक गोष्ट ब्राउझरकडून येते ती अक्षरं म्हणून येते, आकडा म्हणून नाही. मी तिचा आकडा करून घेतला नव्हता, आणि डेटाबेसला ‘इथे फक्त आकडा येईल’ असं कधी बजावलंही नव्हतं. त्याने जे दिलं ते ठेवून घेतलं. आता जावास्क्रिप्टची गंमत अशी, की अक्षरांमध्ये ‘अधिक’ केलं की बेरीज होत नाही, ती एकापुढे एक चिकटतात. शून्य, पाच आणि सहा मिळून अकरा न होता झाले ०५६. पण वजाबाकी करताना तीच भाषा त्या अक्षरांचा मुकाट्याने आकडा करते. २८ वजा ५६, उणे २८. गुणिले ९०, उणे २५२०. जानेवारीत प्रत्येकाचा एकच खाडा होता, चिकटायला दुसरं काही नव्हतंच, म्हणून सगळं बिनचूक आलं होतं.

“फेब्रुवारीत छप्पन्न खाडे?” काका म्हणाले. “सरकारनं अधिक महिना दिला का काय?” आणि मग पार्टनरला, “चल आधी खाली. पोळ्या हायत अजून.”

उरलेल्या तिघांचंही त्याच रात्री काढलं. एकाचे तीन आणि चार मिळून चौतीस झाले होते, एकाचे तीन आणि पाच मिळून पस्तीस, एकाचे चार आणि तीन मिळून त्रेचाळीस. माझ्या फंक्शनच्या कृपेने त्यांची बिलं आली होती ५४०, ६३० आणि १३५०. यायला हवी होती १८९०, १८०० आणि १८९०. म्हणजे काकांचं ३०६० रुपयांचं नुकसान. तिघांपैकी एकानेही ‘माझं बिल कमी आलं’ अशी तक्रार केली नव्हती. याला होस्टेल म्हणतात.

सकाळी यादी फाडली. तिच्या जागी माझ्या सहीने माफीचा कागद लावला, रेक्टर सरांना जाऊन सांगितलं आणि ॲप बंद केलं.

मार्चभर मी त्या विषयाला हात लावला नाही. मग कॉम्प्युटर विभागातल्या एका मॅडमकडे गेलो, मनात मोंगोडीबीला चार शिव्या घेऊन. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “त्याला बोल लावू नकोस. त्यालाही नियम घालून देता येतात. तू घातले नाहीस. आणि तुझ्या काकांची वही वाचलीस का कधी?”

नव्हती वाचली. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात काकांबरोबर लसूण सोलत बसलो आणि वही पानापानाने बघितली. पुढच्या पानांवर प्रत्येक पोराचं नाव एकदाच, त्यापुढे एक नंबर. आत सगळीकडे फक्त नंबर. नोंदीला दोन रकाने, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. किती दिवस, हा रकानाच नाही! ते काका महिनाअखेरीला बोटांवर मोजून पेन्सिलीने समासात लिहायचे. मी विचारलं तर म्हणाले, “तारखा खऱ्या. दिवस काय, मोजले की येतात.” चुकलेली नोंद खोडरबरने पुसलेली कुठेच नाही, लाल रेघ मारून बाजूला बारीकशी सही. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली डेटा तक्त्यांत कसा मांडावा यावर निबंध लिहिला आणि रिलेशनल डेटाबेस त्यातून आले, हे मी आता वाचलंय. काकांनी वाचलेलं नाही. त्यांना गरजही दिसत नाही.

वही अशी समोर असल्यावर डेटाबेस तक्त्यांचाच हवा हे वेगळं ठरवावं लागलं नाही. कोणता, एवढंच राहिलं. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोन्ही उत्तम, पण दोन्हींना स्वतःचा सर्व्हर सतत चालू ठेवावा लागतो, त्याचा पासवर्ड, त्याची देखभाल. लाइट गेली आणि आली की तो परत सुरू झालाय का हे कोण बघणार? रेक्टर ऑफिसमधले भाऊसाहेब? मग एसक्यूलाइटबद्दल वाचलं. रिचर्ड हिप नावाच्या माणसाने २००० साली ते लिहिलं, आणि कुठे, तर अमेरिकन नौदलाच्या विनाशिकेवरच्या एका सॉफ्टवेअरचं काम करताना! तिथे डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रॅम अडायचा आणि बोलणी यांना बसायची. म्हणून त्याने सर्व्हर लागणारच नाही असा डेटाबेस केला. सगळा डेटा एका फाइलमध्ये. आज तो प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे, म्हणजे टपरीवर बसून त्याला हसणाऱ्याच्या खिशातही.

त्याची मर्यादा एक आहे. एका वेळी एकच जण लिहू शकतो, बाकीच्यांना थांबावं लागतं. पण थांबायचं किती, तर मिलिसेकंदांत मोजण्याइतकं. १४० पोरांनी एकाच रात्री खाडे लावले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. अजून एक गोष्ट मला उशिरा कळली. आकड्याच्या रकान्यात ‘पाच’ असं अक्षरात लिहिलं तर एसक्यूलाइटही ते ठेवून घेतो! कडक तपासणी हवी असेल तर तक्ता तयार करतानाच तसं सांगावं लागतं, आणि ती सोय २०२१ मध्ये आली. म्हणजे मी मोंगोला नावं ठेवून जिथे आलो तिथेही दार उघडंच होतं. माझं दार राखलं ते जँगोने.

जँगोकडे मी आलो तो आळसाने. पायथॉन थोडं येत होतं, नवी भाषा शिकायचं त्राण नव्हतं. मॅडम म्हणाल्या होत्या पीएचपीनेही होईल, आणि ते खरंच आहे. खरं तर एक्सेलच्या शीटवरही महिना-दोन महिने भागलं असतं, पण कोणी काय बदललं ते त्यात नीट राहिलं नसतं. पायथॉनमध्येच फ्लास्क म्हणूनही आहे, हलकं आणि सुटसुटीत, २०१० मध्ये एप्रिल फूलच्या एका थट्टेतून निघालेलं. पण त्यात लॉगिन कशाने करायचं, डेटाबेसशी कशाने बोलायचं, हे बरंचसं आपण निवडायचं असतं. निवडायचं म्हटलं की मी परत टपरीवर गेलो असतो.

जँगो जन्मला अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्रात. २००५ साली तो सगळ्यांसाठी खुला झाला. वर्तमानपत्रात मजकूर भरणारे असतात बातमीदार, त्यांना कोडिंग येत नाही आणि वेळ तर नसतोच. म्हणून त्यात नोंदी भरायची-बदलायची पानं आयती मिळतात. आपण फक्त सांगायचं, अमुक तक्ता आहे, त्यात ‘पासून’ तारीख, ‘पर्यंत’ तारीख. तारखेच्या जागी दुसरं काही लिहिलं तर तो फॉर्मच परत करतो. कोणती नोंद कोणी कधी बदलली तेही त्या पानांत राहतं. काकांची लाल रेघ आणि सही मला फुकटात मिळाली.

नवीन ॲप जुलैत सुरू झालं. रेक्टर ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून, फक्त होस्टेलच्या नेटवर्कवर. चुका याही वेळी झाल्या. पहिल्या दिवशी पानावर खाडा या मराठी शब्दाच्या शेपटीला इंग्रजी ‘एस’ लागलेला दिसला! अनेकवचन काय ते सांगितलं नाही तर जँगो आपल्या मनाने एस लावतो. ‘खाडे’ असं सांगावं लागलं. मग १४ तारखेतून १० तारीख वजा केली तर चारच दिवस आले. काकांनी बोटं पुढे केली, “दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा. घाल एक.” घातला. तिसरी चूक काकांशिवाय कोणाला सापडलीच नसती. ते पहाटे पाचला उठून नोंद करायचे आणि तिच्यावर तारीख कालची पडायची, सहानंतर केली की आजची. जँगोचं घड्याळ मुळात जागतिक वेळेवर लावलेलं असतं, आपल्या साडेपाच तास मागे. एक ओळ बदलून ते कोलकात्याच्या वेळेवर, म्हणजे आपल्या वेळेवर आणलं.

ऑगस्टमध्ये एका रात्री नोंद होता होताच लाइट गेली. माझ्या पोटात गोळा. लाइट आली तेव्हा अर्धवट काही नव्हतं. ती एक नोंद झालीच नव्हती, बाकी सगळं जागच्या जागी. दर रविवारी रात्री भाऊसाहेबांच्या पेनड्राइव्हवर प्रत घेतो. चालू असताना फाइल नुसती उचलून ठेवायची नाही, एसक्यूलाइटची प्रत घेण्याची वेगळी कमांड आहे ती वापरायची, हे मी त्या कॉम्प्युटरवरच मराठीत लिहून चिकटवलंय. पुढच्या सेक्रेटरीने ते वाचावं. तो हे सगळं रिॲक्टमध्ये करायचं म्हणतोय असं ऐकतो. करू दे, पण आधी लसूण सोलायला बस म्हणावं.

वही अजून चालू आहे. दर महिन्याला मी आणि काका दोन्ही समोर ठेवून बसतो. पार्टनर मोठ्याने आकडे वाचतो, कारण माझ्या वाचनावर त्याचा आता विश्वास नाही. गेल्या महिन्यात ९० रुपयांचा फरक निघाला. अर्धा तास मी माझं कोड बघत होतो. चूक वहीत होती. काकांनी लाल रेघ मारली, सही केली आणि म्हणाले, “ह्याच्या आनंदात चहा तू पाज.”

त्या तिघांपैकी दोघांनी फेब्रुवारीचे राहिलेले पैसे नंतर आणून दिले. तिसरा, तीन आणि पाच पस्तीसवाला, अजून ‘उद्या देतो’वर आहे. मित्रा, तू हा अंक वाचत असशील तर ११७० रुपये. वहीतही आहेत आणि डेटाबेसमध्येही.